‘नाही’ तोंडावर सांगणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर पेशंटला ‘हो’ म्हणायचे ते मान वर न करता. समोरचा माणूस घाबरून बसलेला असायचा, त्याची बायको पदराशी चाळा करत मागे उभी असायची, आणि हे कागदावर काहीतरी खरडत म्हणायचे, “होईल. सुई देऊ. उगाच गावभर सांगत फिरू नका.” झालं. एवढ्यावर पेशंट बाहेर. पण ‘नाही’ म्हणायचं असलं की ते खुर्चीतून उठायचे, टेबलाला वळसा घालून यायचे आणि पेशंटच्या शेजारी बाकावर बसायचे. त्यामुळे डॉक्टर खुर्चीतून हलले की ओपीडीतली जुनी मंडळी देवाचं नाव घ्यायला लागायची. एकदा ते नुसते पंखा वाढवायला उठले, तर समोरचे काका रडायलाच लागले. मग डॉक्टरांनी त्यांना पंखा दाखवला, बटण दाखवलं, आणि पुढे बरेच दिवस ते उकाड्यात बसून राहिले, पण उठले नाहीत.

ही ओपीडी घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावर होती. खाली रस्त्यात मेट्रोचे खांब उभे राहत होते, आणि दिवसभर असा खणखणाट चालायचा की पेशंटला आपला आजार ओरडून सांगावा लागायचा. मी डॉक्टर नाही. पवईला इंजिनीयरिंगच्या मोठ्या संस्थेत मी तेव्हा संख्याशास्त्रात पीएचडी करत होते. माझ्या गाइडची आणि डॉक्टरांची जुनी ओळख होती, आणि त्या ओळखीवर मी आठवड्यातले तीन दिवस त्या ओपीडीत एक कोपरा अडवून बसायचे. डॉक्टरांनी माझं नाव कधी विचारलं असेल तर ते लगेच विसरलेही असतील. ते मला पवई म्हणायचे. “ये पवई. जेवलीस का पवई. पवई, तुझा तो डबा बंद कर, पेशंटला वाटतं तू तलाठी आहेस.” डबा म्हणजे माझा लॅपटॉप.

आजार होता हिपॅटायटिस सी. हा मोठा बनेल आजार आहे. रक्तातून येतो, लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि घरमालकाला पत्ता लागू देत नाही. तेव्हा त्यावर आठवड्याला एक सुई आणि रोजच्या कॅप्सूल असा उपचार होता. काहींना सहा महिने, काहींना वर्षभर. सुई घेतली की ताप, अंग ठणकणं, केस गळणं, जेवण नकोसं होणं, आणि डोकं असं फिरायचं की गरीब स्वभावाची माणसं ताट भिरकावायची. एवढं सगळं सोसून साधारण निम्मे बरे व्हायचे. उरलेले निम्मे सोसायचं ते सोसून होते तिथेच राहायचे. म्हणून सुई कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही, हे आधी ओळखता आलं तर फार मोठी गोष्ट होती. पेशंटचं वय, वजन, साखर, लिव्हर किती कडक झालंय, विषाणू कोणत्या जातीचा आहे आणि रक्तात किती आहे, हे सगळं घेऊन मी त्यातून एक गणिती मॉडेल बसवत होते. डॉक्टर तेच काम पेशंटकडे बघून करायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे. त्यांची ख्यातीच तशी होती. मुलुंडपासून मालवणपर्यंतचे लोक त्यांच्याकडे औषधाला कमी आणि निकाल ऐकायला जास्त यायचे.

माझ्या मॉडेलला ते पोपट म्हणायचे. फुटपाथवर पिंजऱ्यातून बाहेर येऊन भविष्याचं पाकीट उचलतो, तो. “काय म्हणतोय तुझा पोपट?” असं ते रोज विचारायचे, आणि मी सांगितलं की हटकून भांडायचे.

“या बाईंना साठ टक्के.”

“साठ टक्के म्हणजे काय गं?”

“म्हणजे अशी शंभर माणसं घेतली तर त्यातली साठ बरी होतील.”

“बाहेर ती एकटी बसलीय. शंभर कुठून आणू?”

“सर, शक्यता अशीच सांगतात.”

“शक्यता तुझ्याजवळ ठेव. तिला सुई द्यायची किंवा नाही द्यायची, दोनच गोष्टी माझ्या हातात आहेत. साठ टक्के सुई मला देता येत नाही.”

मी चिडायचे. गणित न कळणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. ज्याला ते नीट कळतं आणि तरी तो आडमुठेपणा करतो, त्याच्याशी नाही. त्यांना सगळं कळत होतं. परदेशातले नवे पेपर ते माझ्याआधी वाचायचे आणि त्यातल्या चुका काढून मला द्यायचे. फक्त पेशंटसमोर टक्का हा शब्द उच्चारायला त्यांची बंदी होती. तशीच बंदी ‘लढा’ या शब्दावर होती. कोणी नातेवाईक म्हणाला की आमचे दादा फायटर आहेत, तर डॉक्टर म्हणायचे, “कोणाशी लढताय? त्या विषाणूला तुमची ओळखसुद्धा नाही. औषध घ्या आणि झोपा.”

दुसरी बंदी उसाच्या रसावर होती. कावीळ म्हटली की आपल्याकडे रस आलाच, आणि हॉस्पिटलच्या फाटकासमोरच घुंगरू वाजवत एक रसवाला उभा होता. साखर वाढलेले पेशंट तपासणी झाली की थेट तिथे. डॉक्टर खिडकीतून बघायचे आणि ओपीडी सोडून खाली धावायचे. एकदा एका थोराड गृहस्थाच्या हातातून त्यांनी भरलेला ग्लास काढून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला. शेवटी त्यांनी रसवाल्याशीच मैत्री केली. त्यानंतर हातात हॉस्पिटलची फाइल दिसली की तो रसवाला नाही म्हणायचा. लोक मग फाइल शर्टात लपवून जायला लागले.

पण ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना खरोखर चक्रम म्हणायचे ती वेगळीच होती. ‘हो’ म्हटलं तरी सुई लगेच सुरू होत नसे. पेशंट दारापाशी पोचला की डॉक्टर सांगायचे, “पुढच्या वेळी येताना, ज्याच्यावर तुम्ही चिडणार आहात त्याला घेऊन या.” पेशंटला वाटायचं आपण चुकीचं ऐकलं. डॉक्टर पुन्हा सांगायचे. सुईनं स्वभाव बिघडतो, तुम्ही कोणावर तरी उखडणार, आणि ज्याच्यावर उखडणार त्याला आधी माझ्याकडून कळलं पाहिजे की हा माणूस बोलत नाही, सुई बोलतेय. नाहीतर तो चौथ्या आठवड्यात घर सोडतो, आणि तो गेला की पेशंट सुई सोडतो.

असे लोक खरंच यायचे. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधला लेथवर काम करणारा माणूस आपल्या शेठलाच घेऊन आला. म्हणाला, घरचे सगळे गावाला आहेत, दिवसभर मी ह्यांच्याच समोर असतो. शेठ बिचारा हात जोडून बसला आणि डॉक्टरांनी त्याला वर्षभर शिव्या खायची तयारी ठेवायला सांगितली. शेठनं खाल्ल्या. एक मालवणकडचे आजोबा होते, वडील गिरणीत, स्वतः बेस्टमध्ये. त्यांनी पत्नीला आणलं. डॉक्टरांनी सगळं समजावलं, यांचा स्वभाव बदलेल, हे विनाकारण ओरडतील. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टरानू, तेका सुई कित्याक होयी? हे असेच चिडतत.” डॉक्टर एवढे हसले की त्यांना बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

मी हा सगळा प्रकार विक्षिप्तपणात जमा केला होता. मॉडेलमध्ये ‘घरी कोण’ असा रकाना घाल, असं ते मला म्हणाले, तेव्हा मी हसले होते. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी माझा पोपट फारच छान बोलायला लागला. जिथे तिथे हो, हो, हो. परदेशातल्या आकड्यांपेक्षा आमचे आकडे इतके चांगले की मला हवेत चालल्यासारखं वाटत होतं. मी ते कागद डॉक्टरांसमोर ठेवले. त्यांनी शेंगा सोलत ते वाचले. दुपारी उकडलेल्या शेंगा खायची त्यांना सवय होती, आणि टरफलं माझ्या कागदांवर पडायची.

“ज्यांना मी नाही म्हटलं ते कुठे आहेत यात?” त्यांनी विचारलं.

“त्यांना सुई दिलीच नाही. मग निकाल कुठला असणार?”

“म्हणजे मी निवडून काढलेल्यांनाच तू मोजलंस. जे टिकणार असं मला वाटलं, ज्यांच्या घरी माणूस आहे, तेवढेच. तुझा पोपट माझंच पाकीट उचलून मला दाखवतोय, पवई.”

माझी पार वाट लागली. वर्षभराच्या कामाच्या मुळाशी हे होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. मी कागदांवरची टरफलं झटकायला लागले तेव्हा ते म्हणाले, “गुरुवारी ये. दुपारी. डबा आणू नकोस.”

गुरुवारी दुपारी ओपीडी बंद असते एवढंच मला माहीत होतं. गेले तर बाकं भरलेली. ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी शेजारी बसून ‘नाही’ सांगितलं होतं, ती सगळी माणसं दर महिन्याच्या आपापल्या गुरुवारी येत होती. त्यांना सुई नव्हती. साखर बघायची, वजन बघायचं, पोटाची सोनोग्राफी वेळच्या वेळी करून घ्यायची, दारू प्यायली की नाही ते तोंडाचा वास घेऊन ठरवायचं, आणि मग शेंगा खात गप्पा. डॉक्टर त्या दिवशी सबंध वेळ बाकावरच असायचे. “नाही म्हटलं म्हणजे या वाटेनं नाही,” ते मला म्हणाले. “दुसरी वाट तयार होतेय बाहेरच्या देशात. गोळ्या येणार आहेत. तोपर्यंत या लोकांचं लिव्हर टिकवून ठेवायचं, एवढीच माझी ड्यूटी.” गोळ्या कधी येणार हे त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्या दिवसापासून मी गुरुवारच्या लोकांनाही, निकाल माहीत नसलेले म्हणून, माझ्या हिशोबात घेतलं आणि माझा पोपट एकदम कमी बोलायला लागला.

ही सगळी व्यवस्था चालवायच्या त्या सिस्टर. त्या ओपीडीच्या इन-चार्ज होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, लग्न करून घाटकोपरला आलेल्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. एक भाऊ होता तो परत गावी गेला. एवढी मोठी रांग त्या एकदाही आवाज न चढवता सांभाळायच्या. नुसतं “दादा” म्हणायच्या आणि पुढे घुसणारा माणूस आपोआप मागे जायचा. डॉक्टर सगळ्यांशी बोलताना तोडून बोलायचे, सिस्टरांशी बोलताना मात्र वाक्य पूर्ण करायचे. बाकी दोघांत कामाशिवाय फार बोलणं मी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत काम केल्यावर ते लागतही नसावं.

हॉस्पिटलच्या सगळ्या स्टाफची तपासणी झाली त्यात सिस्टरांचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी. कुठल्या तरी जुन्या सुईचं टोक लागलं असेल, किंवा गावी ऑपरेशन झालं तेव्हा चढवलेल्या रक्तातून आलं असेल. शोधण्यात अर्थ नव्हता. पुढच्या तपासण्या झाल्या आणि एकेक कागद वाईट निघत गेला. विषाणू हट्टी जातीचा. रक्तातलं प्रमाण भरपूर. साखर आधीपासून. लिव्हर कडक होत चाललेलं. मी त्यांचे आकडे माझ्या मॉडेलमध्ये घातले आणि उत्तर आलं ते बघून लॅपटॉप मिटला. हे उत्तर सांगायला मॉडेलची गरज नव्हती. ओपीडीतल्या वॉर्डबॉयनंसुद्धा सांगितलं असतं की हा ‘नाही’ आहे.

त्या दिवशी दुपारी सिस्टर पेशंटच्या खुर्चीत बसल्या. मी उठून जायला लागले तर म्हणाल्या, “बस गं.” मी डॉक्टरांकडे बघत होते. आता ते उठणार, टेबलाला वळसा घालणार, बाकावर बसणार. ते उठले. पण बाकाकडे आले नाहीत. औषधांच्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले आणि आमच्याकडे पाठ करून कपाटाशीच बोलायला लागले. तसं बघितलं तर, एकंदरीत विचार करता, प्रत्येक केस वेगळी असते, वय काही फार नाही, साखर आटोक्यात आणता येईल. असं बरंच. मी या माणसाच्या तोंडून ‘एकंदरीत’ हा शब्द कधी ऐकला नव्हता. शेवटी ते म्हणाले, “करून बघू.”

सिस्टर त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, “बरं.”

मग डॉक्टरांना आपला नियम आठवला. “कोणाला घेऊन येणार?”

“कशाला?”

“चिडायला.”

“मला कोण आहे, डॉक्टर? भावाला जालन्याहून बोलावू का माझ्या शिव्या खायला?” सिस्टर म्हणाल्या. “चिडायचंच असेल तर तुम्ही आहातच की समोर.”

डॉक्टर कपाटापासून वळले. “चालेल,” म्हणाले.

पुढचे तीन महिने त्या ओपीडीत जे झालं ते बघायला लोक मुद्दाम आले असते. सुई शुक्रवारी असायची. शनिवार-रविवार सिस्टर तापानं फणफणलेल्या असायच्या आणि सोमवारी कामावर हजर. रजा घ्या म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. चेहरा उतरला, केस विरळ झाले, जिना चढताना मध्ये थांबायला लागल्या. आणि आयुष्यात आवाज न चढवलेल्या त्या बाई डॉक्टरांवर अशा तुटून पडायला लागल्या की रांग चिडीचूप व्हायची.

“हे काय लिहिलंय? हे औषध आहे की मुंगी चालून गेलीय? खालचा केमिस्ट रोज मला वर पाठवतो विचारायला.”

“लिहून देतो पुन्हा.”

“आणि ही टरफलं. बाई येते झाडायला, तिला माणूस समजता का नाही?”

“उचलतो.”

“इतक्या वर्षांत एकदा तरी वेळेवर आलात? माणसं मुलुंडहून, कुठून कुठून उपाशीपोटी येऊन बसतात. तुम्ही मुलुंडलाच राहता ना? मग तुम्हालाच का उशीर होतो?”

डॉक्टर उभे राहून ऐकायचे. एकदाही त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पेशंटांच्या आधी येऊन बसले होते. रक्त घ्यायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, “ह्या डॉक्टरांच्या मिसेस का?” मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला. विषाणू जेमतेम हलला होता. मी कागद पुढे केला आणि काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “पोपटाला गप्प बसायला सांग.” मी कागद फाइलला लावला. माझ्याकडे आता सुई घेतलेल्या सगळ्यांचे महिन्या-महिन्याचे आकडे होते, आणि पहिल्या महिन्यात एवढं कमी उतरलेला एकही पेशंट पुढे बरा झालेला त्यात नव्हता. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

तीन महिन्यांचा नियम त्यांचाच होता, म्हणजे जगभर होता, पण घाटकोपरला तो त्यांच्याइतका कडक कोणी पाळत नसे. तीन महिन्यांत रक्तातलं विषाणूचं प्रमाण शंभर पटीनं उतरलं नाही तर सुई बंद. मग पेशंट रडो, नातेवाईक पाया पडोत. एका आमदाराच्या मेहुण्यानं अजून एक महिना द्या म्हणून टेबलावर डोकं टेकलं होतं, तर डॉक्टर त्याच्या शेजारी बसून म्हणाले होते, “तुम्हाला महिनाभर अजून त्रास देऊन मी स्वतःचं समाधान करून घेऊ का?”

सिस्टरांचा तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी तिथेच होते. प्रमाण उतरलं होतं, पण शंभर पट तर सोडाच, दहा पटसुद्धा नाही. डॉक्टरांनी तो वाचला, खिशात घातला आणि लॅबला फोन केला. पुन्हा करा म्हणाले. लॅबनं पुन्हा केला, तेच आलं. तेव्हा ते मला म्हणाले की साखरेमुळे उशिरा प्रतिसाद येतो कधी कधी, एक पेपर होता तसा, शोध बघू. असा पेपर नव्हता. मी दोन दिवस शोधल्याचं नाटक केलं.

शुक्रवारी त्यांनी स्वतः सुई भरली. ते काम त्यांचं नव्हतं. सिस्टर समोर बसल्या, बाही वर केली नाही.

“रिपोर्ट कुठंय?”

“आहे. थोडा हळू चाललाय. अजून एक महिना बघू.”

“डॉक्टर, तिसऱ्या महिन्याला तुम्ही सगळ्यांना थांबवता.”

“तुमची केस थोडी वेगळी आहे, सिस्टर.”

“काय वेगळी आहे?”

डॉक्टरांनी सुई उजेडाकडे धरून त्यातला बुडबुडा बघितला, मग पुन्हा बघितला. हातात भरलेली सुई घेऊन ते उभे होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सिस्टर उठल्या, त्यांनी ती सुई त्यांच्या हातातून काढून घेतली, वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, “बसा खाली.” डॉक्टर बाकावर बसले. सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “या वाटेनं नाही. पुढच्या महिन्यापासून मी गुरुवारी येते.”

आणि त्या खरंच गुरुवारी यायला लागल्या. म्हणजे त्या तिथेच असायच्या, पण गुरुवारी दुपारी नावं पुकारून झाली की स्वतःच्या नंबराला टेबलाच्या या बाजूला येऊन बसायच्या, वजन द्यायच्या, बोट पुढे करायच्या. केस परत आले. आवाज पहिल्यासारखा खाली आला. डॉक्टर पुन्हा उशिरा यायला लागले आणि टरफलं पुन्हा सांडायला लागली.

गोळ्या यायला काही वर्षं गेली. तोवर मेट्रो सुरू झाली, माझी पीएचडी झाली, मी नोकरीला लागले, आणि गुरुवारच्या बाकावरची काही माणसं कमी झाली. ती कमी झाली की डॉक्टर दोन-तीन दिवस शेंगांना हात लावायचे नाहीत. दर सोनोग्राफीच्या वेळी ते सिस्टरांबरोबर स्वतः खाली जायचे आणि मशीनवाल्याच्या मागे उभे राहून त्याला हैराण करायचे. लिव्हरनं दम धरला.

गोळ्या आल्या आणि सगळा खेळच पालटला. रोज एक-दोन गोळ्या, तीन महिने, ताप नाही, चिडचिड नाही, आणि जवळजवळ सगळे बरे. हट्टी जातीचा विषाणू असो, साखर असो, घरी कोणी असो-नसो. गुरुवारच्या बाकावरचे लोक एकामागून एक निगेटिव्ह होऊन पेढे घेऊन यायला लागले. सिस्टरही झाल्या. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट येतो, तो यायच्या दिवशी डॉक्टरांनी मला कामावरून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. विषाणू सापडला नाही, एवढंच त्यावर होतं. डॉक्टरांनी तो सिस्टरांच्या हातात दिला आणि “एक फोन करायचाय” म्हणून गॅलरीत निघून गेले. फोन टेबलावरच राहिला होता.

मी मागून गेले. ते रस्त्याकडे बघत उभे होते. “पवई,” ते म्हणाले, “आता तुझा पोपट आणि मी, दोघंही रिटायर.” कोणाला लागू पडेल हे ओळखण्यात ज्यानं उभी हयात घालवली त्याच्यापुढे आता सगळ्यांनाच लागू पडणारं औषध होतं. त्याचा त्यांना जराही विषाद नव्हता. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं, म्हणूनच विचारायचं धाडस झालं.

“सर, सिस्टरांना सुई सुरू केलीत तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?”

“वाटायचंय काय? पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाही म्हणून.”

“मग?”

त्यांनी खिशातली एक शेंग काढून सोलली. मग म्हणाले, “म्हणता आलं नाही गं. एवढ्या लोकांना म्हटलं. सिस्टरांना नाही म्हणता आलं. तीन महिने फुकट हाल केले त्यांचे.” आणि आत जाताना म्हणाले, “सिस्टरांना कधी सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही. डॉक्टर गेल्या वर्षी गेले, मुलुंडला, घरीच, हार्टनं. हॉस्पिटलच्या सभागृहात शोकसभा झाली. त्यात ते लढवय्ये होते असं दोघातिघांनी सांगितलं, आणि डॉक्टर असते तर त्यांनी बोलणाऱ्यांना मध्येच थांबवून खाली बसवलं असतं. सभेनंतर मी सिस्टरांबरोबर त्यांच्या घरी गेले. त्याही आता रिटायर आहेत, तब्येत ठणठणीत आहे. त्यांनी चहा केला, मग गवार मोडायला घेतली, मीही हातभार लावला. त्या मध्येच थांबून पदरानं डोळे टिपायच्या आणि पुन्हा मोडायला लागायच्या. म्हणाल्या, माझ्यासारखं त्या माणसाला कोणी बोललं नसेल. एवढं बोलले मी, एक शब्द उलट काढला नाही त्यांनी.

मला राहवलं नाही. डॉक्टर गेले होते, आता ते माझ्याजवळ ठेवून काय करायचं असं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की सुई लागू पडणार नाही. तुम्हाला नाही म्हणवेना. तुमचे हाल केले याचं शेवटपर्यंत त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

सिस्टर गवार मोडत राहिल्या. “मला काय कळलं नव्हतं का?” त्या म्हणाल्या. “किती वर्षं त्यांच्या शेजारी उभी होते मी. माझे कागद मलाही वाचता येतात की. आणि ज्या माणसानं आमदाराच्या मेहुण्याची भीड ठेवली नाही, तो कपाटाशी बोलायला लागला. तेव्हाच समजलं.”

“मग सिस्टर, तुम्ही तरी नाही म्हणायचं ना. तीन महिने तो ताप, ते सगळं, कशासाठी घेतलंत?”

त्यांनी परात बाजूला सरकवली.

“मला ‘नाही’ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “आजवर माझ्यासाठी कोणाचा शब्द असा अडला नव्हता. मग मीच त्यांना लगेच कसं नाही म्हणू?”